‘कँडिडेट’ या शब्दातला पांढरा रंग

आजची दुपार प्राचीन रोममधील निवडणुकांविषयी वाचण्यात गेली आणि ‘कँडिडेट’ हा इंग्रजी शब्द ज्या लॅटिन ‘कँडिडाटुस’वरून आला, त्याचा अर्थ ‘शुभ्र वस्त्र नेसलेला’ असा आहे, हे कळल्यावर मन हरखून गेले. रोमन लोकांकडे साध्या पांढऱ्यासाठी ‘आल्बुस’ आणि लखलखीत पांढऱ्यासाठी ‘कँडिडुस’ असे वेगळे शब्द होते. पदासाठी उभा राहणारा माणूस आपला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र, खडूने असा लखलखीत करून मते मागायला फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, येई. इतिहासकार लिव्हीच्या म्हणण्यानुसार इ. स. पू. ४३२ मध्ये या प्रकारावर कायद्याने बंदी घातली गेली. तरीही प्रथा टिकली, आणि इ. स. पू. ६४ मध्ये कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च शासकीय पदाचा उमेदवार असलेल्या सिसेरो या वक्त्याच्या एका भाषणाला तर या टोग्याचेच नाव आहे.

मला त्याहून मोलाचा वाटला तो ‘अँबिशन’ हा शब्द. मतांसाठी लोकांमध्ये फिरणे, एवढाच ‘अँबिटिओ’चा मूळ अर्थ, त्याच धातूपासून झालेला ‘अँबिटुस’ मात्र निवडणुकीतील लाचखोरीच्या गुन्ह्याचे नाव ठरला, आणि इ. स. पू. ६३ मध्ये कॉन्सल झालेल्या सिसेरोनेच त्यासाठी १० वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा कायद्यात आणली.