थायरॉईडच्या ऑपरेशनमधलं ते काळं इंजेक्शन

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. मी एमबीबीएस चीनमधून केलं हे कळलं की नात्यातलं कुणी ना कुणी विचारतंच, "अरे, तिकडे थायरॉईडच्या कॅन्सरला गळ्यात कार्बन टोचतात म्हणे, कशाला? आणि ते काळं आत राहिलं तर?"

टोचतात, खरंय. कार्बनचे नॅनोकण असतात ते, साधारण 150 नॅनोमीटरचे, आणि सगळी करामत त्या मापातच आहे. रक्ताच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या फटी 20 ते 50 नॅनोमीटरच्या, तिथून हा कण जात नाही, पण लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे शरीरातला पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या, फटी 120 ते 500 च्या, तिथून बरोब्बर शिरतो आणि जवळच्या लिम्फ नोड्समध्ये जाऊन बसतो, म्हणजे त्या नळ्यांवरच्या छोट्या गाठींमध्ये; कॅन्सर तिथे पसरू शकतो म्हणून त्या काढाव्या लागतात. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन थायरॉईड उघडी करून बारीक सुईने अगदी थोडं, 0.1 मिलीच्या आसपास टोचतात, आधी पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना बघतात, मग गॉज दाबून धरतात कारण सांडलं तर सगळंच काळं होऊन बसतं. काही मिनिटांत थायरॉईड काळी पडते आणि चरबीत एरवी शोधावे लागणारे नोड्सही काळे दिसायला लागतात.

पण मला विचाराल तर मोठा फायदा जे काळं होत नाही त्याचा आहे. थायरॉईडच्या मागे बहुतेकांना चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, मसुरीच्या दाण्याएवढ्या, पिवळट तपकिरी, चरबीत सहज हरवणाऱ्या. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. नोड्स काढताना त्याही गेल्या तर ओठांना, बोटांना मुंग्या, हातापायात पेटके, काहींना जन्मभर गोळ्या, म्हणजे कॅन्सर बरा होऊनही माणूस त्रासातच, आणि हे मला फार लागतं. कार्बन सहसा त्यांच्यात जात नाही, त्यामुळे काळ्यात त्या पिवळ्याच राहतात, सर्जनला पटकन कळतात. अर्थात नुसत्या दिसून भागत नाही, त्यांचा रक्तपुरवठाही वाचवावा लागतो, ते काम हाताचंच.

आता उरलेल्या काळ्याचं. बराचसा कार्बन काढलेल्या भागाबरोबर बाहेर जातो, थोडा राहिला तर डाग बराच काळ राहू शकतो. आणि नोड काळा झाला म्हणजे त्यात कॅन्सर आहे असं अजिबात नाही, ते पॅथॉलॉजीचा रिपोर्टच सांगतो.

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर पॅराथायरॉईड कशा ओळखणार आणि नंतर कॅल्शियम कधी तपासणार, हे सर्जनना आधीच विचारून घ्या.