दहा ते पाच उन्हाळा

एप्रिल लागला की पुण्याच्या आसपासच्या ग्रामसंस्कृती उद्यानांच्या जाहिराती व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. मुळशीकडे एक, सिंहगडाच्या बाजूला एक, नगर रस्त्याला आणखी एक. वर बैलगाडीचं चित्र, खाली दिवसाचं वेळापत्रक. साडेदहाला बैलगाडीतून फेरी, अकराला कुंभाराचं चाक, साडेअकराला वाळवणाचं प्रात्यक्षिक, मग पिठलं-भाकरी, तीनला वासुदेव, चारला विटीदांडू. वासुदेव दुपारी तीनला! मोरपिसांची टोपी घालून टाळ-चिपळ्या वाजवत यायचा तो पहाटे. घरातलं कोणीतरी डोळे चोळत उठून त्याच्या झोळीत पसाभर धान्य घालायचं. इथे बिचाऱ्याला जेवणानंतरची पाळी लागते, आणि पोटभर पिठलं खाल्लेली मंडळी त्याच्यासमोर जांभया देत बसतात.

मला ही उद्यानं आवडतात, हे आधीच सांगून टाकते. शेणाने सारवलेली जमीन, जातं, उखळ, पडवीतला झोपाळा हे सगळं मुलांना हात लावून बघता येतं, ही काही लहान गोष्ट नाही. संग्रहालयात काचेला नाक लावून बघण्यापेक्षा ते शतपटीने बरं. माझी तक्रार असलीच तर ती फक्त घड्याळाशी आहे. गावाकडचा उन्हाळा चालायचा पहाटे आणि रात्री. दहा ते पाच तो बंद असायचा. आणि ही उद्यानं उघडी असतात नेमकी दहा ते पाच.

गेल्या मे महिन्यात मावशीला घेऊन गेले होते. मावशी शिरूर तालुक्यातली, लग्न होऊन धायरीला आली आणि आता सत्तरी ओलांडली आहे. साडेअकराला वाळवणाच्या ओट्यापाशी गर्दी जमली. एक तरुण बाई सोऱ्यातून कुरडया घालत होती. हात चांगला होता तिचा, वेटोळी एकसारखी पडत होती. मावशी दोन मिनिटं गप्प बसली, मग पुढे झाली.

"चीक कधी शिजवला गं?"

"सकाळी नऊला, आजी."

"म्हणून तुटतोय. गार झाला की तो सोऱ्यातून नीट उतरत नाही. उन्हं यायच्या आत घालून मोकळं व्हायचं असतं."

आणि मग जमलेल्या लोकांना खरं प्रात्यक्षिक मावशीकडूनच मिळालं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतो. तिसऱ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे वरचं पाणी ओतून द्यायचं. पातेल्यात आधणाला हिंग-मीठ, मग चीक ओतायचा आणि हटायचा. गुठळी होऊ द्यायची नाही, हात थांबवायचा नाही. हे हटणं म्हणजे दोघींचं काम. एकीने पातेलं धरायचं, दुसरीने लाकडी दांडा फिरवायचा. आळीतल्या बायका पाळीपाळीने एकमेकींकडे जायच्या, आज हिच्याकडे कुरडया, उद्या तिच्याकडे पापड. सूर्य वर येईतो अंगणात खाटेवरच्या धोतरावर पांढरी वेटोळी पडलेली असायची. मुलांना वाटीत गरम चीक मिळायचा, वर तेल नाहीतर दूध-साखर, आणि त्या बदल्यात दिवसभर कावळे हाकायचं काम. उरलेला चोथाही वाया जात नसे, त्याच्या भुसवड्या व्हायच्या. नऊपर्यंत बायका आवरून मोकळ्या. त्यानंतरचं काम उन्हाचं, माणसाचं नव्हे.

ती प्रात्यक्षिकवाली पोर शहाणी होती. "आजी, पहाटे कोण येणार तिकीट काढून?" एवढंच म्हणाली. त्यावर मावशीकडेही उत्तर नव्हतं.

बाकीचंही आठवून बघा. चैत्रगौरीचं हळदीकुंकू उन्हं कलल्यावर. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि बायका दारात येतायेताच पदराने वारा घेतात. गावची जत्रा चैत्र-वैशाखातली, पण पालखीचा छबिना निघतो रात्री. तमाशा तर रात्रीचाच. त्याचं सगळं अर्थकारण नारायणगावात दिसतं. जत्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, बारगेनिंग होतं, सुपारी ठरते. पूर्वी गण-गवळणीने सुरू झालेला खेळ वगाच्या शेवटापर्यंत पहाट करायचा. उद्यानात त्यातली वीस मिनिटांची लावणी दुपारच्या ताकानंतर होते. नाचणारीचा दोष नाही. पण ढोलकीला अंधार लागतो, असं माझं आपलं मत.

शहरही काही वेगळं नव्हतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही उन्हाळ्यातच होते आणि संध्याकाळीच होते. दिवसभर पडदे ओढून बसलेले पुणेकर ऊन उतरल्यावर विचार ऐकायला बाहेर पडतात, हा आमच्याकडचा वसंतोत्सव.

भर उन्हात खरोखर चालणारी एकच गोष्ट मला आठवते, ती म्हणजे बैलगाडा शर्यत. खेड, आंबेगाव, जुन्नरकडे हनुमान जयंतीपासून घाट, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्या, गजबजतात. ऊन मी म्हणत असतं, लोक डोक्याला उपरणं बांधून घाटाच्या दोन्ही बाजूंना उभे, आणि 'भिर्रर्र' झालं की गाडा डोळ्यांसमोरून निघूनही जातो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालांचा मुद्दा खोटा होता असं मला मुळीच वाटत नाही, पण मधली ती वर्षं जत्रा सुन्या गेल्या हेही खरं. उद्यानातले बैल मात्र शांत. गादी घातलेली गाडी ओढत चिंचेला वळसा घालतात आणि आपणहून थांबतात. त्यांना मार्ग पाठ आहे.

राहता राहिली दुपार. गावात दुपारी काय व्हायचं? काहीच नाही, आणि तीच मोठी परंपरा होती. दारं ओढून घ्यायची, जमिनीवर पाणी शिंपडायचं, माठावरचं फडकं ओलं करायचं. पुरुष पडवीत आडवे, मुलं माजघरात पत्ते नाहीतर सागरगोटे खेळणार, तेही कुजबुजत, कारण आजोबा उठले तर धपाटा. कुत्रंसुद्धा रांजणाखालच्या ओलीत पडून असायचं. उद्यानाच्या वेळापत्रकात याला जागा नाही. झोपण्याचं तिकीट कसं लावणार?

जेवण झालं आणि मावशी दिसेना. शोधत गेले तर नमुन्याच्या वाड्यात, पडवीतल्या सुंभाच्या बाजेवर, पदर तोंडावर घेऊन ती चक्क घोरत होती. शेजारी पाटी: 'कृपया वस्तूंना हात लावू नये'. राखणदार मुलगा अवघडून उभा होता. त्याने दोनदा "आजी, आजी" केलं. मावशीने पदर न काढताच विचारलं, "बाज कशाला असते रे बाबा?"

तो गेला तो परत आला नाही. थोड्या वेळाने कोथरूडचं एक कुटुंब आलं, त्यातल्या आजोबांनी इकडेतिकडे बघून घोंगडी अंथरली. मग आणखी दोघं आली. मी उंबऱ्याला टेकून बसले. बाहेर कर्ण्यावरून विटीदांडूची घोषणा झाली, पुन्हा झाली, आणि मैदानावर विटीदांडू शिकवणारा एकटाच उभा होता. अर्ध्या तासाने तोही सावलीला आला आणि पाणी कुठल्या माठातलं प्यायचं ते विचारू लागला.