नवा पंखा, तीच घरघर

पंखा बदलून महिनाही झाला नव्हता आणि लॅपटॉप पुन्हा घरघरायला लागला होता. हाही पंखा सदोष निघाला, दुसरा बसवा, असा गिऱ्हाइकाचा आग्रह. मागणी नोंदवण्याआधी मी मशीन थंड असताना सुरू केलं आणि कान लावला.

आवाज एक नव्हता, दोन होते. एक हवेचा सूंऽऽ आवाज, म्हणजे पंखा पूर्ण वेगात. दुसरी खरखर, ठरावीक तालात. मागचा डावा कोपरा तळहाताने दाबला की ती वाढायची, सोडला की कमी व्हायची. बेअरिंग झिजलं असेल तर मशीन उभं-आडवं केल्यावर आवाज बदलतो. दाबल्यावर बदलला, तर पातं कुठेतरी घासतंय. हवेच्या आवाजाचं कारणही लगेच दिसलं: काहीही चालू नसताना प्रोसेसर ७८ अंशांवर होता. अशा वेळी पंखा वेगात फिरणारच, त्याचा काय दोष?

मशीन पूर्ण बंद केलं, चार्जर काढला. तळाचे १० स्क्रू काढताना कागदावर झाकणाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवला. पंख्याच्या कोपऱ्यावरचा स्क्रू हातात आला तेव्हाच शंका आली. तो ८ मिलिमीटरचा होता, शेजारचे सगळे ५ चे. झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग पंख्याचा. वायर ओढून नाही, कनेक्टरच्या कडा नखाने आलटून पालटून सरकवत. पंख्याच्या पत्र्यावर नेमका त्या लांब स्क्रूच्या टोकाचा खळगा होता. आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा आणि पात्यांच्या कडांची काळी भुकटी. हा पत्रा इतका पातळ असतो की २-३ मिलिमीटर जास्तीची लांबी त्याला पात्यांवर टेकवायला पुरते. पत्रा सोडवून आतून अंगठ्याने सपाट केला. बोटाने फिरवल्यावर पंखा आवाज न करता बराच वेळ फिरला. बेअरिंग उत्तम होतं.

उष्णतेचं कारण पंख्याच्या तोंडाशी सापडलं. प्रोसेसरची उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग म्हणजे हीटसिंक. त्याच्या बारीक पत्र्यांवर धूळ, केस आणि धाग्यांचा नमदा बसला होता, जवळजवळ ३ मिलिमीटर जाड. चिमट्याने धरला तर पट्टी सोलावी तसा अख्खा निघाला. बाहेरच्या जाळीतून हा दिसत नाही. तिथून हवा मारली तर तो सुटून पंख्यातच जातो. आधी पंखा बदलणाऱ्याने इथे पाहिलंच नव्हतं, कारण या मॉडेलमध्ये हीटसिंकला हात न लावता पंखा वेगळा निघतो. उरलेली धूळ हवेने उडवताना पातं बोटाने धरून ठेवलं. मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंगवर येतं.

पंख्याला तेलाचा थेंब द्यायची सवय अनेकांना असते. झिजलेलं बेअरिंग त्याने काही आठवडे गप्प बसतं, दुरुस्त होत नाही. गंज सोडवायचा स्प्रे तर मारूच नये, तो आतलं वंगण धुऊन काढतो.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून भुगा झाली होती, म्हणून हीटसिंकही काढला. त्याचे स्क्रू कोरलेल्या आकड्यांच्या उलट क्रमाने, थोडे थोडे सैल केले. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली आणि स्क्रू आकड्यांच्या क्रमाने आवळले. मेमरीवरचे मऊ पॅड होते तसेच ठेवले. ते फट भरण्यासाठी असतात, तिथे पेस्ट पुरत नाही.

झाकण लावून सुरू केल्यावर १५ मिनिटांनी तापमान ४६ अंश होतं. भरपूर काम दिल्यावर ८२ पर्यंत गेलं, पंखा वाढला, पण आवाज नुसता हवेचा. आणि तो ८ मिलिमीटरचा स्क्रू बिजागरीजवळच्या भोकातला निघाला. तिथे ५ चा नुसताच गरगर फिरत होता, धरत नव्हता. दोघांची अदलाबदल केल्यावर झाकणाची तिथली फटही मिटली.