टॉवर फुल, पण फिक्स येईना: वैजापूरच्या नाल्यावरचे तीन दिवस

मी जळगावात खाजगी सर्वेची कामं करतो. मागच्या मे महिन्यात चोपडा तालुक्यात, वैजापूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी, एका रस्त्याच्या लेव्हलचं काम होतं, ११ किलोमीटर, दर २० मीटरला क्रॉस सेक्शन (रस्त्याच्या आडव्या छेदावरच्या उंच्या). हल्ली सर्वे ऑफ इंडियाची कॉर्स स्टेशनं (कायम चालू असणारे जीपीएस बेस) झाल्यापासून स्वतःचा बेस, म्हणजे एका जागी ठेवलेला रिसीव्हर, लावून त्याच्यापाशी माणूस बसवायची गरज राहिली नाही, रोव्हरला (पोलवर घेऊन फिरायच्या रिसीव्हरला) नेट द्यायचं, करेक्शन (मोजणीतली चूक काढणारा डेटा) घ्यायचं, फिक्स म्हणजे सेंटिमीटरमधली पक्की जागा आली की चालायला लागायचं. पण मग सगळं काम त्या नेटवर येऊन थांबतं, आणि डोंगराच्या पट्ट्यात तिथंच घोडं पेंड खातं. यावल, रावेर, शिरपूर, धडगाव, वरच्या अंगाला काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधीतरी येणारच म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिल्या दिवशी रिसीव्हरमधल्या सिमचा रिचार्ज संपलेला निघाला म्हणून मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं, मोबाईल पोलवर क्लॅम्पमध्ये. सकाळी सातपासून छान चाललं. मधे केळीच्या बागांतून जाताना फिक्स तुटायचा पण ते समजण्यासारखं आहे, केळीची पानं आभाळच झाकून टाकतात, पोल बांधावर आणला की परत फिक्स. अकराच्या सुमाराला मात्र उघड्या माळावर हॉटस्पॉट बंद पडलं, मोबाईल हातात धरवत नव्हता इतका तापलेला, स्क्रीनवर थंड होऊ द्या अशी सूचना. ओला रुमाल गुंडाळून, कापडी पिशवीत ठेवून पाहिलं, दहा मिनिटं चालायचं की परत तेच. आपल्याकडच्या मे महिन्यात हॉटस्पॉटवर दिवसभराचं काम धरू नका, सकाळपुरतं ठीक आहे.

संध्याकाळी चोपड्यात जिओचं नवीन सिम घेतलं. घेण्याआधी रिसीव्हरचा मोडेम ४जी आहे ना ते बघून घेतलं, कारण जिओचं नेटवर्क सुरुवातीपासूनच ४जीचं, जुन्या ३जी मोडेमला ते दिसतच नाही आणि माणूस उगाच सेटिंग उलटीपालटी करत बसतो. सिम टाकल्यावर टॉवर आला पण नेट नाही, कारण एपीएनचा (कंपनीच्या नेटला जोडणाऱ्या नावाचा) रकाना रिकामा होता, मोबाईल तो स्वतः भरून घेतो, रिसीव्हर बऱ्याचदा घेत नाही. तो भरला, आयपी मिळाला, २१०१ पोर्टवर कॅस्टर (करेक्शन पाठवणारा सर्व्हर) लागला, माउंटपॉइंटची, म्हणजे त्यावरून मिळणाऱ्या करेक्शनची, यादी आली. लॉजच्या गच्चीवर उभं राहून फिक्स घेऊन पाहिला आणि झोपलो.

दुसरा दिवस पूर्ण गेला. गाव सोडून पुढं एक नाला लागतो, तो ओलांडला की फिक्सचा फ्लोट, म्हणजे जागा कच्ची. सॅटेलाइट २६, पीडीओपी (सॅटेलाइटच्या मांडणीचा आकडा, कमी तेवढा चांगला) १.४, डोक्यावर एक फांदी नाही, टॉवरच्या काड्या फुल. मी आधी अँटेना बघितला, मग रिसीव्हर बंद चालू केला, तासभर त्यातच गेला. बघायचं होतं ते करेक्शनचं वय, म्हणजे शेवटचं करेक्शन किती सेकंदांपूर्वीचं आहे. कंट्रोलरवर तो आकडा १, १, २ असा असतो, तिथं तो ९, १७, ३०, ५२ असा चढत चालला होता. म्हणजे आकाशाचा काही दोष नाही, डेटा येणंच थांबलंय. करेक्शनला नेट लागतं ते अगदी थोडं, तासाला दोन चार एमबी, व्हिडिओ दिसतो का बघून काही कळत नाही. त्याला स्पीड नको, ते सेकंदा सेकंदाला न तुटता यायला पाहिजे.

त्यात मी अजून एक घोळ वाढवला. तुटलं की नाल्याच्या अलीकडं येऊन कनेक्ट दाबायचो, लॉगिन नाकारलं असा मेसेज यायचा, परत दाबायचो, परत तेच. पासवर्ड तीनदा तपासला. खरं कारण असं की नेट अचानक गेलं की कॅस्टरला ते लगेच कळत नाही, त्याच्या लेखी जुनं कनेक्शन चालूच असतं, आणि एका आयडीवर एकच रोव्हर चालतो. दोन तीन मिनिटं हात लावला नाही की जुनं आपोआप सुटतं. हे मला एका सीनियर मित्रानं फोनवर सांगितलं. तो फोन तिथूनच लागला, नाल्याच्या पलीकडून, त्याच कंपनीच्या सिमवरून, मोबाईलवर नेटही चालू होतं. म्हणून तर डोकं चालेना.

तिसऱ्या दिवशी पोल धरायला गावातला एक पोरगा होता, त्याला मी नाल्यापाशी थांबून सगळं सांगत होतो तर तो म्हणाला, "भाऊ, आठे नाला वलांडा का एमपीना टावर पकडस. आमले रोज मेसेज येस."

मी लगेच मोडेमचं पान उघडलं. ऑपरेटरचं नाव तेच, पण खाली बारीक अक्षरात रोमिंग लिहिलेलं. राज्याची हद्द जवळ, पलीकडचा टॉवर उंचावर, मोडेम जास्त रेंजचा टॉवर पकडतो, आणि मध्य प्रदेश हे मोबाईल कंपन्यांचं वेगळं सर्कल (सेवेचा विभाग). मोबाईल देशातल्या देशात रोमिंग डेटा चालवून घेतो, माझ्या रिसीव्हरमध्ये डेटा रोमिंग बंद होतं. काड्या फुल दिसायच्या त्या एमपीच्या टॉवरच्या. रोमिंग चालू केलं, रिसीव्हर एकदा बंद चालू केला, तीन मिनिटं थांबलो. वय १, फिक्स. त्या पोराला मी तिथंच मिठी मारली.

शेवटचा दीड किलोमीटर टेकडीच्या आड होता, तिथं कुठलाच टॉवर नाही, ना इकडचा ना तिकडचा. तिथं हट्ट केला नाही. टेकडीच्या अलीकडं जिथं फिक्स मिळत होता तिथं एक पॉइंट पक्का केला, दुसरा रिसीव्हर त्यावर बेस म्हणून लावला आणि पलीकडचं काम रेडिओवर घेतलं. दुपारी चारला सगळं संपवून सुरुवातीच्या मोरीच्या कठड्यावरचा टीबीएम (उंची ठरवलेली तात्पुरती खूण) परत घेतला, पहिल्या दिवसाच्या उंचीशी १४ मिलिमीटरचा फरक, मग मशीन पेटीत भरली.