पाच खाचांची नळी आणि माझे तीन आठवडे

‘शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा मागवायच्या आधी पिस्तुलाची नळी मोज,’ हे मला दहा जणांनी सांगितलं. नळीत आतून गोळीला फिरवणाऱ्या पाच खाचा असतील तर ती मोजायची कशी, हे एकानेही नाही.

पिस्तूल ९ मिमीचं, परवान्याचं. कारखान्यातून येणारी गोळी ०.३५५ इंचाची असते, पण नळ्या त्या आकड्याला बांधील नसतात. शिशाची गोळी खाचांच्या व्यासापेक्षा एक-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जाड लागते. बारीक पडली की गरम वायू कडेने निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीला थर बसतो. तो थर ब्रशने खरवडत मी एक अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून या वेळी माप घ्यायचंच ठरवलं.

पहिला भाग सोपा. पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, नळी काढली, साफ करून तेलाचा हात फिरवला. मासेमारीचं मऊ शिशाचं वजन, बोअरपेक्षा, म्हणजे नळीच्या आतल्या भोकापेक्षा, किंचित मोठं, मागच्या बाजूने मोगरीने आत बसवलं आणि पितळी रॉडने हळूहळू पुढे ढकललं. लाकडी काठी वापरू नका. ती तिरकी चिरते आणि पाचरीसारखी आत अडकते.

बाहेर आलेल्या तुकड्यावर नळीच्या खाचा उंचवटे होऊन उमटल्या होत्या. मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं उपकरण) लावला: ८.९५ मिमी, म्हणजे सुमारे ०.३५२ इंच. मी खूश, नळी भलतीच घट्ट निघाली म्हणून. मग उंचवटे मोजले. पाच!

सहा असते तर उंचवट्यासमोर उंचवटा आला असता. पाचांत प्रत्येक उंचवट्यासमोर खळगा येतो. म्हणजे माझं ८.९५ हे ना खाचांचं माप होतं, ना बोअरचं. दोन्हींच्या मधलं काहीतरी. व्हर्नियर तर इथे बाजूलाच ठेवा. एका थाऊवर भांडण आहे आणि त्याची स्वतःचीच चूक तेवढी असते.

कुणी म्हणालं, पातळ शिम, म्हणजे धातूची पट्टी, गुंडाळ, मोज आणि शिमची दुप्पट जाडी वजा कर. केलं. पण पट्टी दोन उंचवट्यांमध्ये गोल राहत नाही, खळग्यावर सरळ ताणली जाते. माप कमीच येणार. हे कागदावर वर्तुळ काढल्यावर कळलं, पाच वेळा मोजून झाल्यावर.

अशा मापासाठी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खोबणीचा मायक्रोमीटर मिळतो. मी मागवला आणि वाट पाहिली. एक आठवडा, दोन, तीन. खोका उघडला तर खोबण ६० अंशांची. ती तीन धारांच्या कटिंग अवजारांसाठी. पाचांना १०८ अंश लागतात. फोनवर उत्तर मिळालं, ‘व्ही म्हणजे व्हीच ना साहेब, अंश तुम्ही सांगितला नव्हता.’ सांगितला नव्हता, खरं आहे. तरी राग आला तो आलाच.

शेवटी काम झालं उसन्या डायने. गोळ्या नेमक्या मापाच्या करायला भोक पाडलेले डाय असतात: ०.३५६, ०.३५७, ०.३५८. तुकड्याला मार्करची शाई फासायची आणि डायमधून सोडायचा. शाई खरवडली गेली तर तुकडा मोठा, अलगद गेला तर लहान. इथे अंश नाही, गणित नाही. फक्त सुरुवात मोठ्या डायपासून करा. मी उत्साहात ०.३५६ आधी घेतला, तुकडा दाबून त्याच मापाचा करून टाकला आणि पुढचे सगळे डाय आरामात पार झाले. नवं वजन, पुन्हा मोगरी.

दुसऱ्या खेपेला ०.३५७ मधून अलगद गेला, ०.३५६ ने पाचही उंचवट्यांची शाई खरवडली. म्हणून साच्यासाठी मी ०.३५८ धरलं. एवढी जाड गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, बसते का, हे बारूद आणि ते पेटवणारी टोपी नसलेलं नमुना काडतूस सुट्या नळीत टाकून पाहिलं. ‘टक’ करून बसलं, उलटं केल्यावर आपोआप पडलं.

राहिलं एक: तुकडा शुद्ध, मऊ शिशाचाच घ्या. कडक मिश्रधातू बाहेर येताच किंचित फुगतो आणि माप खोटं दाखवतो. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, हेही आलंच.

६० अंशांचा मायक्रोमीटर खोक्यातच आहे. परत घ्यायला ते तयार नाहीत.