फोर्टी फूटची मंडळी

हिवाळ्यात डब्लिनची पहाट आठला होते. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमाराला तोंड दाखवतो. त्यामुळे ‘मी पहाटे समुद्रात पोहते’ असं घरी फोनवर सांगताना मी घड्याळाचा विषय काढत नाही. आई एरवीही तेवढ्यावर थांबत नाही. न्यूमोनिया, कानात पाणी, ओले केस अशी यादी तिच्याकडे तयार असते. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. समुद्राला नारळ द्यायचा, अंग नाही, अशी आमच्या घरची समज.

शहराच्या दक्षिणेला सँडीकोव्ह इथे खडकांतून थेट खोल पाण्यात पायऱ्या उतरतात. जागेचं नाव फोर्टी फूट. लोक इथे अडीचशे वर्षं पोहताहेत. त्यातली दोनेकशे वर्षं फक्त पुरुष, तेही बरेचदा दिगंबर. १९७४ साली बायका सरळ येऊन पाण्यात उतरल्या आणि हळूहळू तो मामला संपला. ‘जेंटलमेन्स बेदिंग प्लेस’ ही जुनी अक्षरं मात्र राहिली आहेत. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सत्तरी-पंचाहत्तरीच्या बायका टॉवेल गुंडाळून कपडे बदलत असतात. बाजूलाच १८०४ साली नेपोलियनच्या भीतीने बांधलेला बुरूज आहे. त्यात लेखक जेम्स जॉइस १९०४मध्ये काही दिवस राहिला, आता तिथे त्याचं संग्रहालय आहे. पर्यटक बुरुजाचे फोटो काढतात. आमच्या मंडळींचा विषय असतो खुबा.

खुबा, गुडघा, मोतीबिंदू, बायपास. कुणाचा कोणता भाग बदलला, किती दिवस काठी लागली, हे पोहायच्या कपड्यात उभं राहून, व्रण दाखवत सांगायचं. माझ्यासारखीला सुरुवातीला कुठे बघावं कळेना. आपल्याकडे सत्तरीची बाई दुखण्याविषयी भरपूर बोलते, पण पदर सावरून.

पोहणं तीन-चार मिनिटांचं. गप्पा अर्धा तास. माझं तर मत आहे की पाणी हे गप्पांचं तिकीट आहे. नुसतं ‘चला, रोज सकाळी भेटू’ म्हटलं असतं तर फेब्रुवारीच्या पावसात कोणी आलं नसतं. माझी आजी माघस्नान करायची, गार पाण्याने, काळोखात. तिला त्यातून पुण्य हवं होतं. या आज्यांना चहा हवा असतो, आणि काल मुलगा फोनवर काय बोलला ते सांगायला माणूस. ६६ वर्षांनंतर इथे रेल्वे-बस फुकट असते, त्यामुळे काही जण लांबून डार्ट, म्हणजे इथली लोकल, पकडून येतात.

पाणी मार्चमध्येही आठ-नऊ अंशांच्या आसपास. ऑगस्टमध्ये पंधरा झालं की ‘सूप झालंय’ अशी तक्रार. पहिल्या मिनिटात श्वास हातातून सुटतो. छाती भात्यासारखी चालते आणि डोकं बाहेर पळायला सांगतं. निळ्या टोपीच्या आजींनी (इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, माझी जीभ रेटत नाही, म्हणून मनात आजीच) तेव्हा एकच शिकवलं: हात मारायचे नाहीत, कठडा धरून लांब श्वास सोडायचा. मिनिटा-दीड मिनिटात तो आपोआप ताळ्यावर येतो. मग खरंच बरं वाटतं.

खरी थंडी बाहेर आल्यावर वाजते. पाण्यातून निघाल्यावरही अंग आतून गार होत राहतं आणि दहा मिनिटांनी दातखीळ बसते. म्हणून आधी कोरडे कपडे, मग गप्पा, हा नियम कडक आहे. बोटांना बटणं लावता येत नाहीत. अनुभवी मंडळी बटणांचे कपडे घालूनच येत नाहीत. माझ्या जॅकेटची चेन ऐंशीच्या एका आजोबांनी ओढून वर केली, बोलता बोलता, नातीची करावी तशी.

नाताळच्या दिवशी इथे जत्रा भरते. सांताच्या टोप्या, कॅमेरे, किंचाळ्या. नेहमीचे लोक त्या दिवशी लवकर येऊन, नाक मुरडून, मोकळे होतात. मला हे नाक मुरडणं फार आवडतं. रोज येणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

गेल्या वर्षी निळ्या टोपीच्या आजींचा खुबा बदलला. जखम भरेपर्यंत पाणी बंद. आम्हाला वाटलं, आता महिना-दोन महिने भेट नाही. पण काठी टेकत, लेकीला गाडी चालवायला लावून, त्या हजर. बाकावर ओव्हरकोटात बसून मनगटावरचं घड्याळ बघत प्रत्येकाची वेळ मोजायच्या आणि नाव घेऊन बाहेर बोलवायच्या. मी एकदा पाण्यातूनच आणखी एक मिनिट मागून पाहिलं. त्यांनी काठीने पायऱ्या दाखवल्या आणि पुढच्याचं नाव घेतलं.