पसंतीक्रमाची दुपार

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, प्रवेशाचे दिवस आले की माझ्या दवाखान्यात दातांच्या जोडीला कॉलेजांचीही चौकशी सुरू होते. दवाखाना पंचवटीत, त्यामुळे निफाड, दिंडोरी, चांदवडकडचे पेशंट बरेच, आणि कुणाच्या ना कुणाच्या घरात ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा दिलेलं पोर असतंच. यंदाची एक दुपार मात्र सविस्तर लिहावीशी वाटते, कारण त्या दिवशी जो हिशेब मांडला तो बहुतेक घरांत अर्ध्यावरच थांबतो.

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, रूट कॅनॉलसाठी आले होते. बरोबर मुलगी, तिच्या हातात फाइल. राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलकडे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस होता, आणि नाना म्हणत होते की तो भरायचाच कशाला? पुण्याकडच्या एका अभिमत विद्यापीठाची माहितीपत्रिका त्यांच्या खिशात होती. कुणीतरी सांगितलं होतं, "आता मुलींना फी माफ आहे, मोठ्या नावाचं कॉलेज घ्या." उरलेल्या खर्चासाठी वावराचा एक तुकडा काढायची त्यांची तयारी होती.

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. ही अर्धी माहिती फार घरं बुडवते.

राज्याने २०२४-२५ पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली आहे हे खरं. पण ती आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, आणि राज्याच्या कॅप फेरीतून, म्हणजे सीईटी सेलच्या या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या जागेवर. अभिमत विद्यापीठाला ती लागू नाही, व्यवस्थापन कोट्यालाही नाही. नानांची मुलगी ओबीसी, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर फाइलीत तयार. म्हणजे जी फेरी ते सोडायला निघाले होते, सवलत नेमकी तिच्यातच होती.

"मग कर्ज?" त्यांनी विचारलं. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे सातबारा टेबलावर येतो. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच राहतं. मी त्यांना त्याच्याही पुढचं सांगितलं: नाना, पोरगी डॉक्टर झाल्यावर खर्च थांबत नाही. डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, गाळ्याचं डिपॉझिट, हे सगळं पदवीनंतर येतं, आणि दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून मिळणारा सुरुवातीचा पगार अगदी तुटपुंजा असतो. फीमध्ये जमीन गेली तर खुर्ची कशातून घेणार? माझ्या मते दंतवैद्यकाच्या शिक्षणाचा खर्च स्वतःच्या दवाखान्याची पाटी लागेपर्यंत मोजावा, पदवीदानापर्यंत नव्हे.

अभिमतचा विषय तिथे संपला. उरली दोन नावं: इथलं पंचवटीतलं खासगी कॉलेज आणि नागपूरचं शासकीय. आणि इथे हिशेब उलटला. सवलत धरली तर खासगीचंही शिक्षण शुल्क माफ होतं. घरचं जेवण, घरचा बिछाना, निफाडहून एसटी. नागपूरला मेस, जाणं-येणं, खोली. म्हणजे शासकीय कॉलेजच महाग पडत होतं! नानांचा चेहरा खुलला. "मग नाशिकच पहिलं टाकू. पोरगी नजरेसमोर राहील."

त्याच वेळी एक रिक्षाचालक जबडा धरून आत आले. वय पस्तिशीच्या आतलं. अक्कलदाढ ठणकत होती, पण तोंड उघडेना. निरोगी माणसाच्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावतात. यांच्या तोंडात एकच जेमतेम गेलं. गालाची आतली बाजू पांढरट, दोरीसारखी ताठ. गुटख्याची देणगी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी असे गाल मी आठवड्याला बघते. त्यांची परवानगी घेऊन मी मुलीला जवळ बोलावलं, आरशाने एक चट्टा दाखवला. दाढ काढणं राहिलंच बाजूला. आधी तो चट्टा तपासायला हवा होता. मी औषध दिलं, सुपारी-तंबाखू आजपासून बंद म्हणून निक्षून सांगितलं, आणि तुकडा तपासणीसाठी चिठ्ठी लिहिली.

ते गेल्यावर मुलीने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही पहिल्यांदा कुठे बघितलं?"

नागपूरला. मी तिथेच शिकले. ते कॉलेज तिथल्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या आवारात आहे. विदर्भातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून माणसं येतात. खर्रा, म्हणजे तिकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाऊन आखडलेली तोंडं, अपघातात मोडलेले जबडे, वाढलेले कर्करोग. इंटर्नशिपमध्ये आम्ही सकाळी ओपीडीत उभे राहायचो ते दुपारपर्यंत मान वर करायला सवड नसायची. पंचवटीच्या कॉलेजातही पेशंट कमी नाहीत, पेठ-सुरगाण्याचे पेशंट मी स्वतः तिकडे पाठवते, आणि तिथून शिकलेले चांगले डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. पण हिला शस्त्रक्रियेची ओढ आहे हे त्या दहा मिनिटांत दिसलं होतं. रोज निफाडहून ये-जा केली तर पाच वर्षांतले कितीतरी तास एसटीत जातील, आणि क्लिनिकल कोटा, म्हणजे ठरलेल्या संख्येचे पेशंट स्वतः हाताळणं, पुरा करायच्या वर्षांत ते तास फार मोलाचे असतात. मी तिला म्हटलं, कॉलेजचं ठिकाण मी घरापासूनच्या अंतराने मोजत नाही. तुझ्या खुर्चीत कोण येऊन बसणार, यावर मोजते.

नाना गप्प. मग म्हणाले, "आणि तिच्या आईला काय सांगू?" प्रश्न खरा होता, त्यावर माझ्याकडे आकडा नव्हता. मी एवढंच सांगितलं की माझीही आई रडली होती, आणि विदर्भ एक्सप्रेसला रात्री नाशिकरोडला बसलं की सकाळी नागपूर येतं.

पसंतीक्रम मुलीनेच भरला. पहिलं नागपूर, दुसरं मुंबईचं शासकीय, तिसरं नाशिक. क्रम महत्त्वाचा, कारण गुणवत्तेत बसणारी जी जागा यादीत आधी येते तीच मिळते. नाशिक पहिलं टाकलं असतं तर नागपूरचा विचारच झाला नसता. नानांनी दोनदा वाचून बघितलं आणि लॉक करायला मान हलवली.

यादी लागली तेव्हा तिला नागपूर मिळालं. नानांचा फोन आला तो सामानाची यादी विचारायला. मी सांगितलं, पहिल्या वर्षी दातांचे आकार कोरायचं (कार्व्हिंगचं) मेण आणि त्याची हत्यारं पुरतात. टायपोडॉंट (सरावाचा नकली जबडा) आणि एअरोटर हँडपीस (दात कोरायचं यंत्र) लागतील तेव्हा सीनियरकडून चांगल्या स्थितीतले मिळतात का ते आधी बघा. फी सवलतीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज मात्र प्रवेश झाल्या झाल्या भरा.